सहीच्या वरची ओळ

लिमरिक, आयर्लंड
९ ऑगस्ट २०२५

यशू,

जय भीम. तीन वेळा फोन केला, उचलला नाहीस. शिफ्टमध्ये असशील, नाहीतर माझं नाव बघून खाली ठेवला असशील. म्हणून मेल.

घर पक्कं झालं. आम्ही सांगितलेली किंमत मालकिणीने मान्य केली, वकील कामाला लागलेत. वर तीन खोल्या, खाली बैठक, स्वयंपाकघर आणि मागच्या अंगाला एक छोटी खोली. ती आईची. तिला जिना चढायला नको. खिडकीतून मागची बाग दिसते. हे सगळं मी तिला फोनवर सांगितलंय, खूश आहे ती.

आता काम ऐक. बाबांनी आईच्या नावावर घेतलेल्या प्लॉटचे अठ्ठावीस लाख इथे येणार. बँक विचारते, एवढे पैसे कुठून आले. त्यासाठी आईच्या सहीचं पत्र लागतं. गिफ्ट लेटर म्हणतात. सोबत जोडलंय, चार वाक्यांचं आहे. पहिली तीन तिला मराठीत सांग: मी नितीनची आई, एवढी रक्कम देते, परत मागणार नाही. चौथं वाचू नकोस. देणाऱ्याचा त्या घरावर कुठलाही हक्क राहणार नाही आणि तो तिथे कायमचा राहायला येणार नाही, असं काहीतरी आहे ते. बँकेची छापील भाषा. सगळ्यांना तेच देतात. आई उगाच मनाला लावून घेईल.

सही घे, स्कॅन कर, पाठव. कारखान्यात दिवसभर मायक्रोन मोजतेस ते ठीक आहे, घरच्या कामात मोजू नकोस.

आणि प्लॉट घेणाऱ्या आदिनाथशेठने विसार दिलाय, तर खरेदीखताची तारीख त्यांच्याकडून लवकर पक्की करून घे.

नितीन


सुपा, जि. अहिल्यानगर
१७ ऑगस्ट २०२५

नितीनदादा,

इथून पुढे जे काही बोलायचं ते लिहूनच बोलू. फोनवर तू जे सांगतोस ते पुढच्या फोनमध्ये बदललेलं असतं.

काल सुट्टी होती, मिरजगावला गेले. सही घेतली. स्कॅन सोबत आहे. मूळ कागद कुरिअरने पाठवला, पावती जोडली आहे.

आईने सहीच्या वर एक ओळ स्वतःच्या हाताने लिहिली आहे, ती पाहून घे. तू गेल्यानंतरची गोष्ट आहे, म्हणून सांगते. वस्तीतल्या बायकांकडून एका वसुलीवाल्याने कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या बचत गटाचा नियम आहे की नुसती सही करायची नाही. आपल्याला काय समजलं ते एका ओळीत आपल्या अक्षरात लिहायचं आणि मग खाली सही. आई गटाची सचिव आहे. तिने तिथे पेन ठेवलं म्हणजे ती लिहिणारच.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आईला व्हिसा कोणता मिळणार? किती दिवसांचा? आणि मागच्या खोलीचं माप काय?

यशोधरा


लिमरिक
३ सप्टेंबर २०२५

यशोधरा,

तुझं समाधान झालं असेल. बँकेने कर्ज थांबवलं.

ती ओळ कोणी लिहायला लावली? मी तो कागद आला तसा पुढे पाठवला होता. सही आहे एवढंच बघितलं. रात्रपाळी करून आल्यावर माणूस आईच्या अक्षराची परीक्षा घेत बसत नाही. बँकेला सहीच्या वर परकी लिपी दिसली, त्यांनी सरकारमान्य भाषांतर मागितलं, मी पैसे भरून करून घेतलं. आणि तो भाषांतरकार तुझ्यासारखाच निघाला, शब्द इकडचा तिकडे केला नाही त्याने. "नितीनच्या घरातली मागची खोली माझी आहे. त्या खोलीसाठी पैसे दिले. आक्काबाई कोंडीराम भिंगारदिवे."

कळतंय का काय झालं? वर छापलंय, माझा काही हक्क नाही. खाली लिहिलंय, खोली माझी. बँक म्हणते ही भेट नव्हेच, तुमच्या आई घरात भागीदार आहेत. वकीलबाईंनी मला समोर बसवून लहान पोरासारखं समजावलं. रश्मी शेजारी बसून ते ऐकत होती. ते जास्त लागलं.

मी तुला स्पष्ट सांगितलं होतं, चौथं वाक्य वाचू नकोस. तू वाचलंस. वाचून तिला भरवलंस, आणि तिने घाबरून स्वतःची खोली लिहून ठेवली. लहानपणी माझ्या वहीतल्या चुका बाबांना दाखवायचीस, तीच तू.

तीस सप्टेंबरपर्यंत नवीन पत्र पाहिजे. कोरं. ओळ नको. त्यानंतर मालकीण दुसऱ्याला घर देणार आहे.

नितीन


सुपा
६ सप्टेंबर २०२५

नितीनदादा,

तू विचारलेल्या प्रश्नाआधी, तू न दिलेल्या उत्तरांबद्दल.

व्हिसाचे नियम मी स्वतः वाचले. आईला भेटीचा व्हिसा मिळेल, नव्वद दिवसांचा. त्यानंतर परत यावं लागेल. आईवडिलांना कायमचं न्यायचं तर तुमच्या दोघांच्या पगारात बसत नाही, ती अट त्यांच्या सरकारच्या संकेतस्थळावर साध्या तक्त्यात दिली आहे. ती तू पाहिली नसशील असं मला वाटत नाही. रश्मीवहिनीच्या आईसाठी तुम्ही गेल्या वर्षी तीच चौकशी केली होती.

म्हणजे आईला "तुझी खोली" म्हणून सांगितलंस तेव्हा तुला माहीत होतं.

आता आई कुठे राहते ते तुला आठवावं म्हणून लिहिते. वस्तीतलं घर पत्र्याचं आहे आणि ते पुंजारामकाकांच्या नावावर आहे. त्यांचा मुलगा दोन वेळा विचारून गेला, "काकू, कधी करताय मोकळं?" हायवेलगतच्या दोन गुंठ्यांवर बाबांनी जाण्याआधी जोतं बांधून ठेवलं होतं. तिच्या मालकीची जमिनीवरची तेवढी एकच जागा. ती विकली की तिच्याकडे तुझ्या खोलीशिवाय काही राहणार नाही. आणि तुझी खोली चौथ्या वाक्याप्रमाणे तिची नाही.

तू दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना भरवतोस, कूस बदलून देतोस. त्या लोकांनी घर विकून त्या वृद्धाश्रमाची फी भरली असेल. निदान त्यांना काय विकलं ते सांगून सही घेतली असेल.

नवीन सही मी घेणार नाही. आधी तू आईला तुझ्या हाताने लिही की खोली तिची नाही आणि नव्वद दिवसांनी तिला परत यायचं आहे. ते पत्र तिला पोचलं की दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन जाईन.

यशोधरा


लिमरिक
९ सप्टेंबर २०२५

यशोधरा मॅडम,

अटी घालायला शिकलात. छान.

मी पाच वर्षं इथे भाड्याने राहतो. आताच्या मालकाला घर विकायचंय, जानेवारीत बाहेर काढणार आहे. दिशा चार वर्षांची आहे, तिची ही तिसरी शाळा होईल. तुला हे माहीत नाही कारण तू विचारलं नाहीस. भाची एकच आहे तुला.

नगरला कॉलेजला असताना खोली बघायला गेलो होतो ते तरी आठवतं का? तू बरोबर होतीस. काकूंनी चहा ठेवला, भाडं ठरलं, मग पूर्ण नाव विचारलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पुतण्या येणार आहे राहायला. चहा अर्धा तसाच ठेवून आपण जिना उतरलो. तू खाली आल्यावर म्हणालीस, "साखर कमी होती." मी रडलो होतो, तू नाही. इथे मालकिणीने फक्त विचारलं, मुलीला झोपाळा आवडतो का, मग तो मागे ठेवून जाते. मला ते घर पाहिजे. त्यासाठी मी आईशी थोडं खोटं बोललो. बोललो तर बोललो.

पण तू फार स्वच्छ असल्याचा आव आणू नकोस. तुझ्याच कंपनीतला सुनील आमच्या ग्रुपवर आहे. तिकडे तामिळनाडूत, होसूरच्या कारखान्यात तुझी निवड झाली, जुलैमध्ये. सीनियर पोस्ट, पगार दीडपट. आईला सांगितलंस का? नाही सांगितलंस. कारण ती म्हणाली असती, मग मला कोण बघणार? आई आयर्लंडला गेली की तू मोकळी. म्हणूनच पहिल्या वेळी एवढ्या गपगुमान सही आणून दिलीस. मला तेव्हाच नवल वाटलं होतं.

तर मला माझ्या हाताने लिहायला सांगण्याआधी, तू तुझ्या तोंडाने सांग.

तीस तारीख विसरू नकोस.

नितीन


सुपा
१४ सप्टेंबर २०२५

नितीनदादा,

होसूरबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट आहे जी तुला सुनीलने सांगितली नसेल. मी चौथं वाक्य वाचलं नव्हतं. तू सांगितलं होतंस तसंच, तीन वाचली आणि कागद पुढे केला. ती ओळ आईने घाबरून लिहिली नाही. तिला तीन वाक्यं ऐकून आणि तुझ्या फोनवरून जे समजलं होतं, तेवढंच तिने नियमाप्रमाणे लिहिलं. मी ती वाचली. ती चौथ्या वाक्याच्या विरुद्ध जाते हे मला तिथेच कळलं. आईला काही बोलले नाही, तुला फक्त "पाहून घे" लिहिलं. तू पाहशील आणि काय करायचं ते तू ठरवशील, असा माझा हिशोब होता. नको ते काम तू करायचंस आणि मी होसूरला जायचं.

काल मिरजगावला गेले. तुझं पत्र आईला आलेलं नाही, येणारही नाही हे मला कळलं होतं. म्हणून चौथं वाक्य मीच वाचलं. जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे नंतर कोणी बदलणार नाही.

आई दारात उडीद पाखडत होती. कागद बघून म्हणाली, "परत सही? पहिलीला काय झालं?"

"पहिल्या वेळी मी एक वाक्य वाचलं नव्हतं."

"का गं?"

"दादाने नको म्हटलं होतं."

"आन् तू ऐकलंस? जल्मात त्याचं एक ऐकलं न्हाईस तू."

मी वाक्य वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग व्हिसाचं सांगितलं.

"म्हंजी मी तितं पावनी."

"नव्वद दिवसांची."

"नव्वद दिस पावना कोन ठिवतं? चवथ्या दिवशी भाजी पातळ हुती." ती हसली. मला वाटलं, झालं, एवढ्यावर निभावलं. मग तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "त्याचं कळलं. तुजं काय हुतं त्यात?"

मी होसूरचं सांगितलं. जुलैपासूनचं.

तिने सुपातला एक खडा बोटाने बाजूला केला. मग म्हणाली, "त्यो नर्स हाय. गोड बोलत बोलत सुई टोचायची सवय हाय त्याला. तू कुटं शिकलीस?"

मी म्हणाले, सही नको असेल तर कागद फाडते. ती म्हणाली, "फाडू नगं. ठेव तितं. मी वाचीन माजी माजी." इंग्रजी तिला येत नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. कागद ठेवून मी संध्याकाळच्या गाडीने आले. तिने जेवायला थांब म्हटलं नाही.

यशोधरा


मिरजगाव
२१ सप्टेंबर २०२५

चि. नितीनला आईचा आशीर्वाद.

पत्र मी लिहिते, यशू फक्त फोटो काढून पाठविणार. तिला वाचायचं तर वाचू दे.

तुझा कागद मी गटातल्या मनकर्णाच्या सुनेकडून आणखी एकदा वाचून घेतला. यशूवर आता एकदम इश्वास बसत नाही. सूनबाईनं पण तेच सांगितलं. बँकेचं काही चुकलं नाही. तिनं खरं लिहून मागितलं, तेवढं बी तुम्हा दोघांनी केलं नाही.

तू मला म्हणाला असतास, आई, तुला खोली नाही, पण मला घर पाहिजे, पैसे दे, तर मी दिले असते का नसते, हे मला लई इचार करून बी सांगता येईना. तू तो सवाल मला टाकलाच नाही. आता टाकू नको.

आदिनाथशेठकडं गेले आणि विसार परत केला. त्याला वाटलं मी भाव वाढवून मागते. म्हणाला, मावशी, अजून एक लाख करू का? मी म्हणाले, पैसे वाढवू नको, कागद फाड. त्यानं फाडला. चहा पाजला. माणूस चांगला आहे.

तू तिथं म्हाताऱ्या माणसांचं करतोस हे मी सगळ्या मिरजगावला सांगते. पुढं बी सांगीन. ते खरं आहे. नगरच्या बाईनं तुला जिन्यावरून परत पाठविलं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, परवा यशूकडून कळलं. तुझं घर व्हावं, पोरीला झोपाळा मिळावा, असं मला रोज वाटतं. पण माझ्या जागेवर आता मी बांधणार. गट कर्ज देतो म्हणाला.

रश्मीला आणि दिशाला आशीर्वाद. सही करते, आणि वर काय लिहायचं ते सगळं लिहून झालं आहे.

आक्काबाई


लिमरिक
२ ऑक्टोबर २०२५

यशोधरा,

घर गेलं. परवा मालकिणीच्या वकिलाचा मेल आला, दुसऱ्या कुणाला दिलं. दिशाने झोपाळ्याचं विचारलं. रश्मीने सांगितलं, तो तुटला.

तुम्ही दोघी जिंकलात. माझ्या नावाने उडीद पाखडा आता.

एक लक्षात ठेव. तो प्लॉट बाबांच्या पैशाचा आहे. मी इथून वकिलाला विचारलंय. माझा त्यात वाटा आहे. बांधकाम सुरू केलं तर मी हरकत घेणार. आणि आईचे फोन मी उचलणार नाही, तिला सांग. तिने मला सवाल टाकू नको म्हटलंय ना? टाकत नाही.

उत्तर पाठवू नकोस.

नितीन


सुपा
९ नोव्हेंबर २०२५

नितीनदादा,

उत्तर नको म्हणालास. हे उत्तर नाही, माहिती आहे. नंतर कळवलं नाही असं होऊ नये.

एक. प्लॉट आईच्या नावाने खरेदी झालेला आहे, खरेदीखतात पैसे तिच्या मजुरीतून दिल्याचं लिहिलं आहे. बाबांनी ते मुद्दाम लिहून घेतलं होतं. तिच्या हयातीत त्यात तुझाही वाटा नाही आणि माझाही नाही. खरेदीखताची प्रत जोडली आहे. हरकत घ्यायची तर घे, आई म्हणते तिला तालुक्याला जायला आवडतं.

दोन. तिने तुझ्या फोनची वाट पाहणं बंद केलेलं नाही. रविवारी तुमच्याकडे सकाळ होते त्या वेळेला मोबाईल चार्ज करून जवळ ठेवते. तू तिचे फोन उचलणार नाहीस, हे मी तिला सांगितलेलं नाही. ते तू तिला सांगावंस.

तीन. मी एक डिसेंबरला होसूरला रुजू होते. आईला विचारलं. या वेळी आधी विचारलं. ती म्हणाली, "जा की. मला इचारून काय, तू जाणारच हुतीस." मी म्हणाले, तू नको म्हणालीस तर नाही जाणार. तिने माझ्याकडे पाहिलं. खरं बोलते की नाही ते बघत होती, आणि तिला ते ठरवता आलं नाही. मग म्हणाली, "जा."

चार. बांधकाम पुढच्या सोमवारी सुरू होईल. गवंडी कानिफनाथ, तू ओळखतोस, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर होता. नकाशा मी काढला, पेन्सिलीने, एकाला पन्नासच्या प्रमाणात. जुन्या जोत्यावर दोन खोल्या बसतात. बारा बाय चौदाची तिची, दहा बाय दहाची दुसरी, मधे स्वयंपाकघर. परवा आईसमोर उलगडून ठेवला. तिने चष्मा लावून प्रत्येक भिंतीवरून बोट फिरवलं. दरवाजा कुठे, खिडकी कुठे, चूल कुठे, सगळं विचारलं. दहा बाय दहावर बोट थांबलं.

"ही कशाची?"

"खोली आहे. दुसरी."

"कुनासाठी?"

तुझी म्हटलं असतं तर खोटं झालं असतं, आणि माझी म्हटलं असतं तरी. ती बोट तसंच ठेवून थांबली होती. रागाने विचारत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी खोडरबर काढलं आणि ती पुसली.

यशोधरा